आघाड्या, बिघाड्या आणि आमचे नाना

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण कुणी आणि कशावरून काढली कुणास ठाऊक. पण राजकारणाच्या गप्पांपुरती ती खरी मानायला माझी हरकत नाही. आमच्याकडे पाऊस कमी पडेल, दुधनेचे पाणी आटेल, पण एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलात, मोंढ्यात, न्हाव्याच्या दुकानात 'कोण कुणाला जाऊन मिळाला' हा विषय कधी आटणार नाही. तो निघाला की दोन शब्द हमखास येतात. जुन्या माणसांच्या तोंडी 'खंजीर' आणि नव्यांच्या तोंडी 'खोके'. पहिला १९७८ सालचा, दुसरा २०२२ सालचा. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत आपल्या राजकारणाने मायमराठीला घातलेली ही भर म्हणायची!

यंदा आमच्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धेचा विषय होता, 'आघाडीचे सरकार हे अनैतिक सरकार होय'. मी विरुद्ध बाजूने बोलले. बक्षीस मिळाले नाही, त्याचे दुःख नाही. परंतु त्या दोन तासांत दोन्ही बाजूंनी जे बोलले गेले ते ऐकून मन खट्टू झाले. एकाने २३ नोव्हेंबर २०१९ चा पहाटेचा शपथविधी काढला, दुसरीने २८ नोव्हेंबरचा शिवाजी पार्कवरचा काढला. एकाने सुरत-गुवाहाटी म्हटले की दुसरा २ जुलै २०२३ म्हणे. जणू काही तारखांची अंताक्षरीच चालली होती. कुणी कुणाला फसवले याचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ. त्या सरकारांनी काय केले, कुणाला दिलेला कोणता शब्द पाळला, याबद्दल अवाक्षर नाही. मीही त्याच तारखा म्हणाले, कारण टाळ्या त्यांनाच पडतात.

राज्यशास्त्राच्या सरांनी समारोपात कॅनडाचे उदाहरण दिले. तिकडे डिसेंबर २००८ मध्ये लिबरल आणि न्यू डेमोक्रॅटिक या दोन पक्षांनी लेखी करार करून, क्विबेकवाद्यांच्या पाठिंब्याने, अल्पमतातले हार्पर सरकार पाडायचे ठरवले. 'लोकांनी ह्याला मत दिले नव्हते,' असे म्हणत पंतप्रधान हार्पर यांनी गव्हर्नर जनरलकडून संसदेचे अधिवेशनच स्थगित करून घेतले आणि ती आघाडी जन्माआधीच विरली. मला गंमत वाटली. बर्फाच्या देशातली माणसेदेखील आमच्या स्टँडवरच्या हॉटेलातलेच वाक्य बोलतात! सर पुढे म्हणाले की, मार्च २०२२ मध्ये त्याच दोन पक्षांनी पुन्हा करार केला, या वेळी बाहेरून पाठिंब्याचा, आणि त्यात कामांची यादीच छापली. सप्टेंबर २०२४ मध्ये पाठिंबा काढला गेला, पण तोवर यादीतली दातांच्या उपचारांची योजना सुरू झालेली होती.

ही यादीची गोष्ट मी घरी सांगितली ती आबांना आणि नानांना. आबा म्हणजे माझे आजोबा. नाना त्यांचे दोस्त, बौद्धवाड्यातले, आबांच्याच वयाचे. दोघे रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसतात. आबा जुने शेकापवाले. १९७७ साली परभणीने शेकापचे शेषराव देशमुख लोकसभेवर पाठवले, त्या प्रचारात आबा सायकलीला लाल बावटा लावून गावोगाव फिरले होते. त्यामुळे पुलोदची गोष्ट त्यांनी सांगायची आणि आम्ही ऐकायची, हे घरात ठरून गेलेले.

ती गोष्ट अशी. फेब्रुवारी १९७८ च्या निवडणुकीत २८८ पैकी जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. एकमेकींविरुद्ध लढलेल्या दोन्ही काँग्रेस निकालानंतर एकत्र आल्या. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. चार महिन्यांत शरद पवार आपले आमदार घेऊन बाहेर पडले, जनता पक्ष, शेकाप वगैरेंशी त्यांनी जमवून घेतले आणि १८ जुलै १९७८ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ते मुख्यमंत्री झाले. पुरोगामी लोकशाही दल, म्हणजेच पुलोद. समाजवादी, जुने जनसंघी आणि लाल बावटेवाले एकाच मंत्रिमंडळात! आबा अजूनही सांगतात, "आमच्या गणपतराव देशमुखांना मंत्री केलं बघ." सांगोल्याचे गणपतराव परभणीच्या आबांचे 'आमचे' कसे झाले हे विचारायचे नसते.

खंजीर हा शब्द तेव्हापासूनचा. आणि गंमत अशी की ज्या सरकारात खंजीर खुपसला गेला, तेही निवडणुकीत एकमेकांवर तुटून पडलेल्यांनी निकालानंतर जमवलेलेच होते. त्याला मात्र कुणी नाव ठेवत नाही.

मी वादविवादात जो मुद्दा मांडला तो असा होता की, एकाच पक्षाचे सरकार आले म्हणजे ते सोवळ्यातले असते असे नाही. १९८० साली इंदिरा काँग्रेसला १८६ जागा मिळाल्या, कुणाच्या कुबड्यांची गरज उरली नाही. त्या सरकारचे मुख्यमंत्री अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये, प्रतिष्ठानच्या देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांवर मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आल्यावर, राजीनामा द्यावा लागला. तेव्हा सरकारची नीती आमदारांच्या बेरजेत शोधण्यात अर्थ नाही. हा मुद्दा मला आजही बरोबर वाटतो. पण तो अर्धाच आहे, हे नानांशी बोलल्यावर कळले.

नाना कमी बोलतात. कॅनडाची यादी ऐकून ते म्हणाले, "पुलोदनंबी एक शब्द दिला व्हता. तो कामून कुणी काढत न्हाई?"

शपथविधीला नऊ दिवस झाले आणि २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव मंजूर केला की, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे. इतक्या लवकर इतका मोठा शब्द दुसऱ्या कुठल्या सरकारने दिला असेल असे वाटत नाही. आणि मग मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचा खून त्याच दिवसांतला. परभणी जिल्हाही त्यातून सुटला नाही. नानांच्या वाड्यातली माणसे चार रात्री ज्वारीच्या फडात लपून होती. नाना तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचे, नवीन लग्न झालेले. त्यांची एक पत्र्याची पेटी, भांडी आणि बाबासाहेबांचा फोटो असलेली, आबांनी आमच्या माळवदावर चाऱ्याखाली ठेवली होती. ही हकीकत आबा स्वतः कधी सांगत नाहीत. नानांकडूनच ती मला या वर्षी कळली. गणपतराव मंत्री झाल्याचे शंभरदा सांगणारा माणूस पेटीचे एकदाही सांगत नाही, याचे मला नवल वाटले, अजून वाटते.

सरकारने शब्द मागे घेतला नाही, पण अंमलातही आणला नाही. ठराव फायलीत राहिला. १७ फेब्रुवारी १९८० रोजी दिल्लीने पुलोद सरकार बरखास्त केले, तेही या कारणासाठी नव्हे. केंद्रात सत्ता बदलली एवढेच. मोर्चे निघत राहिले, माणसे तुरुंगात जात राहिली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, तेव्हा मुख्यमंत्री पुन्हा शरद पवारच होते. साडेपंधरा वर्षे! आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि परभणीची महाविद्यालये तिकडे जोडली गेली. नाना हसत हसत म्हणाले, "ज्या नावापायी आमी फडात झोपलो, ते तुपल्या मार्कमेमोवर न्हाईच की ग, पोरी." मी काय बोलणार?

आबा तेवढ्यात म्हणाले, "आरं, सरकारच पडलं असतं त्या वक्ताला." नाना म्हणाले, "पडायचं ते पडलंच की." त्यावर दोघेही गप्प बसले. पन्नास वर्षांच्या दोस्तीत असे गप्प बसणे त्यांना परवडते.

माझ्या काकांना ते परवडले नाही. काका शिवसेनेचे. काका आणि त्यांचा लहानपणापासूनचा मित्र, दोघांनी भागीत ट्रॅक्टर घेतला होता. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदार घेऊन गेले, २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी शिंदे मुख्यमंत्री झाले. आमचे खासदार संजय जाधव आणि परभणीचे आमदार राहुल पाटील ठाकरेंकडेच राहिले, काकाही राहिले. मित्र शिंद्यांकडे गेला. सोयाबीनचा पेरा अंगावर आलेला आणि ट्रॅक्टर मित्राच्या दारात! आठ दिवस दोघांत बोलणे नाही. नवव्या दिवशी भागी मोडली. विकून आलेले पैसे वाटून घेतले तेव्हा दोघांच्याही घरातल्या बायका रडल्या. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, राज्यपालांनी बहुमत सिद्ध करायला सांगणे योग्य नव्हते, पण ठाकरे यांनी स्वतःहून राजीनामा दिल्यामुळे त्यांना परत बसवता येत नाही. काका ही बातमी वाचून म्हणाले, "आमच्या ट्रॅक्टरचंबी तसंच."

पुढची कथा तर अधिकच मजेची. २६ एप्रिल २०२४ ला लोकसभेचे मतदान झाले, माझे आयुष्यातले पहिले. काकांची मशाल यंत्रावर होती. मित्राचे धनुष्यबाण मात्र नव्हते. महायुतीने परभणीची जागा राष्ट्रीय समाज पक्षाच्या महादेव जानकरांना सोडली होती. तेव्हा कमळ नाही, घड्याळ नाही, धनुष्यबाण नाही, शिट्टी! ज्या धनुष्यबाणासाठी ट्रॅक्टर गेला तो बटणावरच नव्हता. जाधव सव्वा लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. सहा महिन्यांनी, विधानसभेच्या तोंडावर, जानकरांनी महायुतीचीही साथ सोडली. मित्राला त्या दिवसांत कुणी 'कुणाकडं?' असे विचारले की तो नुसता हात जोडी.

पक्षांतराला कायदा नाही असे नाही. १९८५ साली घटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले. त्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर फूट माफ होती, म्हणजे एकट्याने पळाल्यास चोर आणि घोळक्याने पळाल्यास गट. २००३ साली ती पळवाट बुजवली. त्यानंतर 'आम्ही फुटलोच नाही, आम्हीच मूळ पक्ष' असे म्हणायची रीत निघाली. कायदा खुर्ची बदलणाऱ्याला पकडू पाहतो, आणि तोही धड पकडू शकत नाही. शब्द बुडवणाऱ्याला पकडण्याचे त्यात एक कलमही नाही. महाविकास आघाडीने २०१९ साली किमान समान कार्यक्रम छापला होता. त्यातले काही झाले. आमच्या काकांचे दोन लाखांच्या आतले पीककर्ज त्या सरकारच्या कर्जमुक्तीत फिटले. आबा वेळेवर कर्ज भरणारे. त्यांच्यासारख्यांसाठी पन्नास हजारांपर्यंतचे प्रोत्साहन जाहीर केले त्या सरकारने आणि ते वाटले गेले पुढच्या सरकारच्या काळात. आबा म्हणतात, दोघांचेही उपकार नाहीत, पैसा सरकारचा होता. या बाबतीत मला आबांचे पटते.

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर नानांनी मला एक काम लावले. "त्या कॅनडावानी यादी काढ," म्हणाले. मी दोन्ही आघाड्यांचे जाहीरनामे मोबाईलवर वाचले आणि त्यातली आमच्या गावाला लागू पडणारी कलमे दोनशे पानी वहीत उतरवली. निवडून आलेल्यांची डाव्या पानावर, हरलेल्यांची उजव्या. हरलेल्यांची कशाला, असे काकांनी विचारले. नाना म्हणाले, "कधी एका पानावरून दुसऱ्या पानावर येतील, काय नेम हाय?" डाव्या पानावर पहिले कलम लाडक्या बहिणीचे, पंधराशेचे एकवीसशे. दुसरे कर्जमाफीचे. प्रत्येकापुढे तारीख टाकायला जागा सोडली आहे. वही आमच्या ओसरीत खुंटीला, सुतळीने बांधलेल्या पेन्सिलीसकट लटकवलेली असते. काकांचा तो मित्र परवा तिफण मागायला म्हणून आला होता, दोन वर्षांत पहिल्यांदा. चहा होईपर्यंत उभ्या उभ्याच त्याने ती चाळली आणि विचारले, "विम्याचं कुठं लिवलंय?" ते राहिले होते. मी डाव्या पानाच्या तळाशी लिहून घेतले.