आकाशातल्या फोनचा हिशेब

शिरूर

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

नगर रस्त्याने सुखरूप पोचले. रांजणगावपर्यंत कारखान्यांची रांग लागते, पुढे घोड नदीच्या पाण्यावरचा ऊस आणि कांदा. वाटेत मोबाइलची रेंज कुठेही गेली नाही. म्हणजे या सपाट मुलखात सॅटेलाइट फोनची गरजच नाही. पण तुम्हाला काळजी आहे ती धाकट्याच्या गडभटकंतीची. त्यासाठी मामा दुबईहून थुराया कंपनीचा सॅटेलाइट फोन आणणार म्हणताय, म्हणून खर्च नीट मांडते.

परदेशात थुरायाचा साधा फोन पाच-सातशे डॉलरला मिळतो. इन्मारसॅटचा त्याहून थोडा महाग, आणि इरिडियमचा हजाराच्या पुढे. आपल्या पैशात पन्नास हजारांपासून लाखावर. ही झाली फक्त खरेदी. पुढे मिनिटाला साधारण एक-दीड डॉलर लागतात. प्रीपेड मिनिटं मुदतीत वापरली नाहीत तर ती बुडतात. घरच्या साध्या फोनवरून त्या नंबरला फोन लावला, तर मिनिटाचे पैसे कित्येकदा याहूनही जास्त पडतात. वर्षातून दोनदा गडावर जाणाऱ्या मुलासाठी हे ओझं मोठं आहे.

ती. आईस नमस्कार.

पाबळ

ती. अण्णांस सा. न.

डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम पाहिला. मुलं इथे हातांनी काम करत शिकतात. एखादी वस्तू महाग का, हे तिच्या आत पाहिल्याशिवाय कळत नाही, असं इथे मनात आलं.

सॅटेलाइट फोनचंही तसंच आहे. त्याचा टॉवर आकाशात असतो. इन्मारसॅटचे उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर आहेत, त्यामुळे आवाज जाऊन पोचायला पाव सेकंद जातो. इरिडियमचे 66 उपग्रह सुमारे 780 किलोमीटरवरून फिरतात. खर्च अफाट आणि गिऱ्हाईक थोडं. 1998 मध्ये इरिडियमची सेवा सुरू झाली तेव्हा फोनची किंमत तीन हजार डॉलरच्या आसपास होती. 1999 च्या ऑगस्टमध्ये त्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. शिवाय हा फोन घरात किंवा गुहेत चालत नाही, त्याला उघडं आकाश लागतं.

पैशापेक्षा मोठी अडचण कायद्याची. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. 26/11 चे हल्लेखोर समुद्रात थुरायाचा फोन वापरत होते, तेव्हापासून पहारा अधिक कडक झाला. थुराया आणि इरिडियमला इथे परवानगी नाही. सरकारी मंजुरीने बीएसएनएलमार्फत इन्मारसॅटची सेवा तेवढी मिळते. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवासी बाईंच्या सामानात नुसतं उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र सापडलं म्हणून त्यांना अडवलं होतं. मामाला आजच फोन करा आणि थांबवा.

दौंड

ती. अण्णांस सा. न.

जंक्शनवर उतरून भीमेच्या काठाने फिरले. पावसाळ्यात पेपरात रोज छापून येतं ना, ‘दौंड येथून उजनीत इतका क्युसेक विसर्ग’, ती हीच जागा. या आकड्यावर खालच्या गावांची झोप अवलंबून असते. वीज गेली की मोबाइलचा टॉवर बॅटरीवर काही तासच तग धरतो. पूर मात्र तेवढ्यात ओसरत नाही.

डोंगरातही तीच गत. पाबळहून मंचरच्या पुढे आंबेगावच्या डोंगरात माळीण आहे. 30 जुलै 2014 ला तिथे दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसं गेली. गाव दिसत नाही, ही खबर बाहेर पोचवली ती एसटीच्या चालकाने. अशा गावाजवळ एक सॅटेलाइट फोन असता, तर त्याची किंमत कुणी डॉलरमध्ये मोजली नसती.

म्हणून माझं मत असं. हा फोन घराने घेऊ नये, तालुक्याने घ्यावा. घाटातल्या आणि नदीकाठच्या प्रत्येक तहसील कार्यालयात परवान्यासह एकेक असावा. तो कुणाच्या हाती राहील हे ठरलेलं असावं, आणि पावसाळ्याआधी तो उघड्यावर नेऊन लावून पाहावा. लाखभराचा खर्च एका कुटुंबाला जड आहे, तालुक्याला नाही. तुमची ग्रामपंचायतीत ऊठबस आहे, येत्या ग्रामसभेत ही मागणी मांडाच.

धाकट्याला एवढंच सांगा: एकट्याने जाऊ नको, कुठल्या वाटेने जाणार आणि कधी परतणार ते पायथ्याच्या गावात सांगून जा, पॉवर बँक आणि शिट्टी बरोबर ठेव. याला दोन हजारही लागत नाहीत.

तुमची लेक