कड मोडणें

सुताराच्या किंवा लोहाराच्या हाताखालून निघालेल्या वस्तूची कड नेहमीं थोडी मोडलेली असते. पाटाच्या कडेवरून शेवटीं एकदां रंधा फिरतो, विळ्याच्या मुठीवरून कानस. आणि आपण त्या वस्तू हातांत घेतों तेव्हां हें आपल्या ध्यानांतहि येत नाहीं. ध्यानांत येते ती न मोडलेली कड. नव्या पत्र्याच्या डब्यानें बोट कापलें म्हणजे आपण डब्याला दोष देतों. वास्तविक तेथें कोणीतरी एक काम करावयाचें विसरलेला असतो.

हें सुचण्यास कारण माझा भाचा. अंधेरीस मरोळच्या औद्योगिक वसाहतींत प्लॅस्टिकच्या वस्तूंचे सांचे करणाऱ्या एका लहानशा कारखान्यांत तो संगणकावर घनाकृति रेखाटण्याचें काम करतो. मुलुंडला आमच्याकडे मुक्कामास आला कीं रात्रीं जेवणाच्या टेबलावर त्याचें यंत्र उघडतें आणि मी शेजारीं बसून पाहात राहतों. या यंत्रांतील वस्तूची मौज अशी कीं तिची प्रत्येक कड जन्मतःच निर्दोष तीक्ष्ण असते. १९७० नंतरच्या दशकांत केंब्रिज येथें इयन ब्रेड व त्यांचे सहकारी यांनीं घनवस्तु संगणकांत सांठविण्याची जी रीत बसविली, तिचेंच हें फळ. वस्तूच्या पोटांत काय आहे तें लिहावयाचें नाहीं. तिचीं पृष्ठें, कडा, शिरोबिंदु आणि कोण कोणाच्या शेजारीं आहे, एवढेंच टिपून ठेवावयाचें.

कड गोल करावयाची म्हणजे या टिपणांत मोठी उलथापालथ. भाच्यानें मला साधा चौकोनी ठोकळा घेऊन दाखविलें. पृष्ठें ६, कडा १२, शिरोबिंदु ८. सर्व कडांना गोलाई दिली. दिसण्यांत फरक म्हणाल तर साबणाची नवी वडी दोन दिवस वापरावी तेवढाच. पण मोजावयास बसलों तों प्रत्येक कडेच्या जागीं नळकांड्याच्या चतुर्थांशाचें एक पृष्ठ, प्रत्येक कोपऱ्याच्या जागीं गोलाच्या अष्टमांशाचें एक. एकंदर पृष्ठें २६, कडा ४८, शिरोबिंदु २४! शिरोबिंदूंतून कडा वजा करून पृष्ठें मिळविलीं तर उत्तर पूर्वींहि २ आणि आतांहि २. ऑयलरचा हा नियम मीं शाळेंत घोकला होता. तो कोणाच्या पोटापाण्याच्या कामीं येतांना प्रथमच पाहिला.

क्रमालाहि महत्त्व आहे. सांच्यांतून वस्तु सुटून यावी म्हणून उभ्या पृष्ठांना अंशभर उतार द्यावा लागतो. तो आधीं, गोलाई मागाहून. गोलाईंतहि मोठी आधीं, लहान नंतर. उलट केलें तर पुष्कळदां यंत्र हात टेकतें. १९८८ सालीं आलेल्या प्रो-इंजिनियर या प्रणालीपासून हा क्रम वंशावळीसारखा जपण्याची रूढी पडली. मागें जाऊन मूळ ठोकळा बदलला आणि त्यांत एखादी कड नाहींशी झाली, कीं तिच्यावरची गोलाई बेवारस होते. २००८ सालीं सीमेन्सनें वंशावळ बाजूस ठेवून पृष्ठालाच धरून ओढण्याची सोय केली. भाच्याला ती फार आवडते. मला नाहीं, पण पगार त्याला मिळतो, तेव्हां माझें मत सोडून द्यावें.

एकदां घाटकोपरहून मेट्रोनें मरोळ नाक्यास उतरून मी त्याच्या गाळ्यांत गेलों. पडद्यावर मुलांच्या खाऊचा डबा होता. त्याच्या चार उभ्या कडांना बाहेरून १ मिलिमीटर गोलाई दिलेली. गिऱ्हाइकाला डबा अगदीं रेखीव हवा होता. सांचा कापणारे मिस्त्री मागें येऊन उभे राहिले.

“साहेब, ही कड तुम्ही पडद्यावर काढली. मी कशानं काढूं?”

डब्याची बाहेरची कड म्हणजे सांच्याची आंतली कड. ती कोरणारा कटर स्वतः गोल. ६ मिलिमीटर व्यासाचा कटर आंतल्या कोपऱ्यांत शिरला तर मागें ३ मिलिमीटरची गोलाई ठेवूनच निघतो. १ मिलिमीटरसाठीं २ मिलिमीटर व्यासाचा कटर हवा, आणि तो इतक्या खोल डब्याला काडीसारखा मोडणार. मग तांब्याचा इलेक्ट्रोड वेगळा घडवून ठिणग्यांनीं तो कोपरा जाळीत बसावें लागतें. खर्चहि वाढतो, दिवसहि.

“मग तीन देतों,” भाचा म्हणाला.

“साडेतीन द्या. बरोबर तीन दिलीत तर कटर कोपऱ्यांत अडून थरथरतो, पोलादावर लाटा उठतात. त्याला वळायला जागा पाहिजे.”

डब्याच्या आंतल्या कडांचा न्याय निराळा. तेथें सांच्याचा गाभा बाहेरून कापावयाचा, म्हणून हवी तेवढी तीक्ष्ण कड सहज निघते. आणि घात होतो तो तेथेंच. डबा हातांतून पडला कीं ताण त्या कोपऱ्यांत एकवटतो आणि तडा जातो. १९५४ सालीं कॉमेट जातीचीं दोन विमानें आकाशांत फुटलीं, त्यांच्या तपासांतहि पत्र्यांतील छिद्रांच्या कोपऱ्यांपाशीं ताण अपेक्षेहून फार अधिक असल्याचें आढळलें होतें. भाच्यानें भिंतीची जाडी २ मिलिमीटर धरली, आंत दीड गोलाई दिली. भिंत सर्वत्र सारखी राहावयाची तर बाहेर बरोबर साडेतीन येते. मिस्त्रींनीं मान डोलावली.

पडद्यावर हा आंकडा बदलावयास क्षणभर पुरे. सांचा कापल्यावर तीच गोलाई वाढवावयाची म्हणजे गेलेलें पोलाद परत आणावयाचें. वेल्डिंगनें कोपरा भरावा आणि पुन्हां कोरावा. लहान गाळ्याला असा एक कोपरा महिन्याचा नफा खाऊन जातो.

मिस्त्री पुढल्या वर्षीं गांवीं जाऊन राहणार आहेत. यंत्राच्या वंशावळींत ३.५ हा आंकडा राहील. तो कां, हें तेथें लिहिलेलें नसतें. म्हणून भाच्यानें अशा आंकड्यांसाठीं एक वही घातली आहे: कोणता कटर, किती खोली, कोणतें पोलाद. त्या दिवशीं त्यानें ती मिस्त्रींना वाचून दाखविली. दोन ठिकाणीं त्यांनीं खोली दुरुस्त करावयास सांगितली, आणि उरलेलें उद्यां पाहूं म्हणून ते यंत्राकडे वळले.