मागच्या वेळचा डबा

त्याचं मूळ तेलाचं. १५ किलोचा, चौकोनी, पत्र्याचा. वरचं तोंड कापून झाकणाला बिजागरी लावून घेतली, कोयंडा बसवला, धरायला दोन बाजूंना तारेच्या कड्या केल्या. असल्या डब्यांत आमच्याकडे तांदूळ राहतो, नाहीतर मोहरी. ह्याच्या नशिबी गाडीची डिकी आली. बाहेरून निळा ऑइलपेंट दिला आहे, पण हात आखडता घेऊन. एका अंगाला अर्धं सूर्यफूल अजून डोकावतं. उन्हाळ्यात डिकी तापली की गोडेतेलाचा जुना वास येतो. माणूस कितीही शिकला तरी रागावला की गावचं बोलतो, तसं त्याचं आहे.

नागपूर ते कोहमारा साधारण सव्वाशे किलोमीटर. भंडाऱ्यापर्यंत हा सारखा खडखडतो: पाना टॉर्चला लागतो, टॉर्च बाटलीला. साकोली मागे पडेपर्यंत आतलं सगळं एकमेकांत बसलेलं असतं आणि हा गप्प होतो. कोहमाऱ्याच्या चौकात गाडी वळताना पुन्हा एकदा दणकन बोलतो. तिथून उत्तरेला गोंदिया, दक्षिणेला नवेगावबांध आणि अर्जुनी मोरगाव, समोर देवरी आणि पुढे रायपूर. आपल्याला कुठे जायचं हे त्याला पटलं नसल्यासारखा तो उजवीकडून डावीकडे सरकतो. माझी सासुरवाडी दक्षिणेला आहे.

त्याच्याबद्दल एक गोष्ट आधी सांगून टाकतो. लोक समजतात, हा पुढच्या संकटाची तयारी आहे. तसं अजिबात नाही. त्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू एखादं संकट होऊन गेल्यावर आत आली. हा कायम एक अपघात मागे असतो. लढाई संपल्यावर किल्ल्याची भिंत उंच करणाऱ्या किल्लेदारासारखा.

तळाशी दोन बारदाने आहेत, म्हणजे रिकामी तागाची पोती. ती आली आषाढात. धानाच्या रोवणीचे दिवस होते. बांध्या पाण्याने भरलेल्या, बाया वाकून पऱ्हे लावत होत्या. समोरून ट्रॅक्टर आला, मी बाजू दिली आणि डावं चाक डांबराखाली उतरून चिखलात बसलं. मी शहरी माणूस, ॲक्सिलरेटर दाबत राहिलो. चाक गरगरा फिरून स्वतःची कबर खोदत होतं आणि बाया कंबर सरळ करून ती करमणूक बघत होत्या. बांधावरून एक म्हातारे आले. चाकाकडे पाहून म्हणाले, "बारदाना हाय का जी?" मला वाटलं, धान विकायचं विचारतात. दर हंगामात सरकारी खरेदी केंद्रावर बारदान्याची ओरड असते, ती डोक्यात. मी म्हणालो, आमची शेती नाही. त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. मग घरून चार पोती आणली, घडी घालून चाकापुढे ठोकून बसवली. "हळू घ्या. पाय दाबू नका." दुसऱ्या गिअरमध्ये, क्लचवर अलगद, गाडी अशी वर आली की जणू कोणी उचलून ठेवली.

त्यानंतर चिखलात मी कधीच अडकलो नाही. बारदान्यांना मात्र काम मिळत राहिलं: पंक्चर काढताना गुडघ्याखाली, मे महिन्यात काचेवर, एकदा तर कोणाच्या तरी बकरीखाली. आणायचं कारण एक आणि वापरायची कारणं दहा, हा ह्या घराण्याचा स्वभावच आहे.

सासऱ्यांनी डब्यात एक पुडी ठेवली होती. नवं ब्लेड, सुतळी, लाल पोटॅश. साप चावला तर. त्यांच्या पिढीला तेच शिकवलं होतं: वर बांधा, चिरा द्या, भरा. ह्या भागात मण्यार, घोणस, नाग सगळेच आहेत आणि धानाच्या बांधावर पाय टाकणाऱ्याला ते पुस्तकातून वाचावं लागत नाही. पुढे ग्रामीण रुग्णालयातल्या एका डॉक्टरांनी पुडी पाहिली आणि शांतपणे सांगितलं, ह्यातलं काहीही करू नका. चिरू नका, करकचून बांधू नका, चोखू नका, साप शोधत बसू नका. अंगठी-कडं काढा, हात-पाय हलू देऊ नका, फळीला बांधा आणि सर्पदंशावरचं प्रतिविष असेल तिथे लवकर पोचवा. सुतळी आणि पोटॅश गेलं. त्यांच्या जागी क्रेप बँडेज आणि दोन बांबूच्या पट्ट्या आल्या. ब्लेड सासऱ्यांनी काढू दिलं नाही. "नखं काढायला होते," म्हणाले. डब्यातली ही एकच वस्तू अशी, की जी निव्वळ मानापोटी राहिली.

शेजारी स्टेपनी असते, ती डब्याची थोरली जाऊ. तिचं माहेर चक्क वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर. १९०४ च्या सुमारास तिथल्या डेव्हिस नावाच्या भावांनी जादा चाक विकायला काढलं, कारण त्या काळी गाडीबरोबर ते मिळतच नसे. त्या गल्लीचं नाव तिथले विसरले असतील, पण कोहमाऱ्याचा पंक्चरवाला दिवसातून वीसदा घेतो. आता जाऊबाईंचे दिवस फिरले आहेत. २०२० पासून ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं सामान असेल तर छोट्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. मला ते पटत नाही. पण माझ्याच स्टेपनीत दीड वर्ष हवा पाहिली नव्हती, ही गोष्ट तिची गरज पडली तेव्हाच कळली, म्हणून फार बोलत नाही. त्या दिवसापासून डब्यात हवा मोजायचा गेज आहे.

लाल त्रिकोणाची कथा निराळी. तो गाडीबरोबरच आला होता आणि बरीच वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत झोपून होता. आपल्याकडे बंद पडलेल्या ट्रकच्या मागे झाडाची फांदी टाकतात, पुढे-मागे दगड मांडतात. फांदीची भाषा सगळ्यांना कळते, हे खरंच. वाईट एवढंच, की ट्रक निघून जातो आणि दगड तिथेच राहतात. एका रात्री अशाच दगडाने माझ्या गाडीचं चेंबर फोडलं. तेव्हा त्रिकोण पहिल्यांदा उघडला आणि गाडीपासून दहा पावलांवर मांडला. मदतीला थांबलेला ट्रकवाला हसला. म्हणाला, तुम्ही हा मला दाखवताय की तुमच्या गाडीला? हिशेब त्याने नाही, मी नंतर केला: ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. ५० मीटरवर त्रिकोण ठेवला तरी मागच्याला सव्वादोन सेकंद मिळतात. दहा पावलांवर काय मिळत असेल? आता त्रिकोणाच्या मुठीला सुतळीची खूण आहे. सत्तर पावलं.

आणि ती पावलं चालताना टॉर्च हातात, मुलं गाडीत, काचा वर. इथे महामार्गाच्या उत्तरेला नागझिऱ्याचं जंगल आहे आणि दक्षिणेला नवेगावचं. २०१३ साली दोन्ही मिळून एक व्याघ्र प्रकल्प झाला. मधली डांबराची पट्टी आपल्याला रस्ता वाटते. जनावरांच्या लेखी ती वाटेतली अडचण आहे. चितळ, रानडुक्कर, क्वचित गवा ती ओलांडून इकडचे तिकडे होतात. एकदा टायर बदलताना झाडीत काहीतरी मोडलं. काय होतं, माहीत नाही. चार नटांतला शेवटचा मी इतक्या वेगाने आवळला की तसं पुन्हा कधी जमलं नाही.

आत आणखीही बरंच आहे. टोचन करायचा पट्टा, जंपर केबल (लाल टोक लालला, काळ्याचं शेवटचं टोक बंद बॅटरीला नाही, इंजिनच्या उघड्या लोखंडाला), दर उन्हाळ्यात बदलायचं पाणी, गूळ-शेंगदाणे. गूळ-शेंगदाणे संकटाची वाट पाहत नाहीत. ते साकोलीलाच संपतात.

डब्याचा थोडा अभिमान मला होता, हे कबूल करतो. चौकातला मिस्त्री त्याला "दवाखाना" म्हणायचा आणि मला ते आवडायचं. मग २९ नोव्हेंबर २०२४ आला. गोंदिया-कोहमारा रस्त्यावर एसटीची शिवशाही बस उलटली आणि ११ जण गेले. आम्ही तिथे नव्हतो, बातमीच ऐकली. रात्री मी उगाच डिकी उघडून उभा राहिलो. क्रेप बँडेज दोन. कापूस एक गुंडाळी. मी झाकण लावलं. त्या दिवसानंतर त्यात काय घालावं, हे मला सुचलेलं नाही.

गेल्या थंडीत मात्र त्याने मला चकवलं. संध्याकाळी, अंधार पडताना, रस्त्याच्या कडेला एक मोटारसायकल आडवी. मुलगा उभा, त्याची आई गिट्टीवर बसलेली. पायावर भार देता येत नव्हता. ओल्या गवतात तिला बसवेना, गाडीच्या सीटवर चढवायला पाय वाकेना. मी डबा खाली घेतला. पट्ट्या निघाल्या, बँडेज निघालं, पाय सरळ बांधला. १०८ ला फोन लागला. २०१४ पासून ती सेवा आहे, पण जंगलातल्या वळणाचा पत्ता सांगणं ही कला अजून आपली आपणच शिकायची असते. मी किलोमीटरचा दगड वाचून सांगितला.

दोन मोटारसायकली हळू झाल्या, थांबल्या नाहीत. तिसरा थांबला. पण दुरूनच म्हणाला, "नाव लिहून घेतेत का जी?" मी सांगितलं, मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं होतं, २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातच आलं. त्याला सगळं पटलं असं वाटलं नाही. तरी तो उतरला, सत्तर पावलं मोजून त्रिकोण ठेवून आला आणि तिथेच टॉर्च हलवत उभा राहिला.

पायाचं काम झालं. बाई मात्र बसणार कशावर? मुलाने काही न विचारता डबा उपडा केला. सगळं गवतात ओतलं गेलं: गेज, केबल, ब्लेड, पाण्याची बाटली. झाकण लावलं, वर बारदाना टाकला आणि आईला बसवलं. मी त्या डब्यात इतकी वर्षं वस्तू भरत होतो. रिकाम्या डब्याचा विचारच केला नव्हता. बाई त्यावर टेकली, पाठ माझ्या गाडीला, पाय स्टेपनीवर आडवा. पंचवीस मिनिटं. म्हणाली, "तेलाचा हाय न डबा? वास येते."

रुग्णवाहिका आली, बाईला घेऊन गेली. मी टॉर्चच्या उजेडात गवत चाचपून सगळं परत भरलं. पाना राहिलाच. दुसऱ्या दिवशी कोहमाऱ्याला नवा घेतला आणि मिस्त्रीला सगळी हकिगत सांगितली. बायकोनेही ती ऐकली.

त्याच आठवड्यात हिने बाजारातून एक घडीचं प्लास्टिकचं स्टूल आणलं. लाल रंगाचं. डब्यात ते मावत नाही. डिकीत त्याच्या शेजारी टेकून उभं असतं आणि भंडाऱ्यापर्यंत दोघं मिळून खडखडतात. बसायला अजून कोणी आलेलं नाही.