पिवळा, जांभळा आणि... हिरवा?



रेझिस्टर म्हणजे विजेचा प्रवाह मर्यादित ठेवणारा रोधक. एवढ्याशा गोल अंगावर आकडा छापणं अवघड, म्हणून त्यावर रंगांचे पट्टे असतात. सातवीच्या फळ्यावर मी क्रम लिहिला : काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, राखाडी ८, पांढरा ९. चार पट्टे असतील तर पहिले दोन म्हणजे अंक, तिसरा म्हणजे पुढे किती शून्यं. शेवटचा सोनेरी असेल तर किंमत ५ टक्के कमी-जास्त चालते.

एका मुलाला पिवळा, जांभळा, तपकिरी, सोनेरी पट्ट्यांचा रेझिस्टर दिला. उत्तर ४७० ओहम. त्याने वाचलं, "पिवळा, जांभळा, हिरवा," आणि ४७ वर पाच शून्यं दिली. थेट ४७ लाख! वर्ग हसला. मी म्हटलं, "अरे, लक्ष कुठंय तुझं?" तो हळूच म्हणाला, "सर, हिरवाच आहे ना?"

मग मल्टिमीटर दिला. त्याने चकती २००० ओहमवर नेली. रेझिस्टर सुटाच होता, सर्किटमध्ये जोडलेला नव्हता. दोन्ही टोकांना एकदम बोटं लावायची नाहीत, नाहीतर आपल्या शरीराचा रोधही मापात येतो, हेही त्याच्या लक्षात होतं. आकडा आला ४६६. म्हणजे ४४६.५ ते ४९३.५ च्या आतच.

पोराला सगळं येत होतं. मग चुकलं कुठे? मला त्याची तिसरीतली चित्रकलेची वही आठवली. खोड हिरवं, पानं तपकिरी. खाली माझाच शेरा : "निष्काळजीपणा".

मधल्या सुट्टीत त्याच्यापुढे तपकिरी आणि हिरवा खडू ठेवला. त्याला दोन्ही सारखेच वाटले. पालकांना सांगून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. लाल-हिरव्या छटांमधला फरक त्याला जन्मापासूनच नीट कळत नाही. हे बहुधा आनुवंशिक असतं, मुलींपेक्षा मुलांत जास्त आढळतं. चार वर्षं तो माझ्यासमोर बसत होता, आणि मला कळलं नाही.

आता आमच्याकडे प्रत्येक रेझिस्टर वाचल्यावर मोजतातच, आणि मीटर त्याच्या हातात असतो. खडूंवर रंगांची नावं चिकटवली आहेत.

तुमच्या वर्गात कोणी पानं तपकिरी रंगवत असेल, तर शेरा मारण्याआधी एकदा जवळ बसवून विचारा, "बाळा, तुला हा रंग कोणता दिसतो?"