टाइट, टल्ली आणि पीधेला

झाई हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं उत्तरेकडचं शेवटचं गाव. तलासरी तालुक्यातलं, मासेमारीचं. पलीकडे उंबरगाव, म्हणजे गुजरात, म्हणजे दारूबंदी. इथे झिंगलेल्याला काय म्हणायचं, हे तो सीमेच्या कुठल्या बाजूला सापडला यावर ठरतं.

मराठी बाजूला शब्दांना तोटा नाही. ‘लावून’ आलेला माणूस चपला जागेवर काढतो. ‘टाइट’ झालेला त्या जरा जास्तच नीट लावायला बघतो, ‘टल्ली’ची एक चप्पल वाटेतच राहते आणि ‘आउट’ झालेला चपलांसकट ओट्यावर आडवा होतो. दुबार गाळलेली दारू म्हणजे बेवडा. ते नाव पुढे पिणाऱ्यालाच चिकटलं. तळीराम तर गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधून 1919 साली रंगभूमीवर आला, तो अजून बातम्यांच्या मथळ्यांतून हललेला नाही.

इंग्रजीही कमी नाही. बेंजामिन फ्रँकलिनने 1737 साली आपल्या वर्तमानपत्रात असे दोनशेहून जास्त इंग्रजी शब्दप्रयोग छापले होते. झाईच्या खलाशांना चटकन पटेल असा एक प्रयोग म्हणजे ‘थ्री शीट्स टू द विंड’. शीट म्हणजे शिडाचा दोर. तो सुटला की शीड फडफडतं आणि गलबत झोकांड्या खातं.

ताडाला मात्र या शब्दांशी देणंघेणं नाही. पहाटे उतरवलेला रस गोड असतो, ऊन चढेल तसा तो आंबतो. मडक्याला आतून चुना लावला तर नीरा, नाहीतर ताडी.

पिणं सोडण्याची लाटही इकडूनच गेली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांच्या संशोधनानुसार पालघर किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांत सुरू झालेली देवीची चळवळ 1922 साली दक्षिण गुजरातेत पोचली. देवीचा हुकूम म्हणून हजारो आदिवासींनी दारू-ताडी टाकली. पारशी गुत्तेदारांचा धंदा बसला. सरकारी फतव्यांना हे कधी जमलं असेल, असं वाटत नाही.

सीमेच्या दोन्ही बाजूंना फतवा तोच, 1949 सालचा मुंबई दारूबंदी कायदा. 1960 साली राज्यं वेगळी झाली. गुजरातने बंदी कायम ठेवली, महाराष्ट्राने सैल केली. कागदोपत्री प्यायला परवाना इथेही लागतो, ही गंमत वेगळीच.

पलीकडे गुजरातेत टाइट नाही, टल्ली नाही, सगळे ‘पीधेला’, म्हणजे प्यालेले. रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल सापडलं की ते औषधातून गेलं, हे सिद्ध करायचं काम पिणाऱ्याचं.