कट कुणाच्या मालकीचा?

फिल्ममध्ये संकलकाचं स्वतःचं असं काय असतं? चित्र कॅमेरामनने टिपलेलं, आवाज ध्वनिमुद्रकाने धरलेला, गोष्ट दिग्दर्शकाच्या मनात घोळलेली. आमचे असतात ते निर्णय. या शॉटमध्ये कुठून शिरायचं, कुठे बाहेर पडायचं, त्याच्या मागोमाग काय ठेवायचं, आवाज चित्राच्या आधी आणायचा की नंतर. रश, म्हणजे कच्चं चित्रीकरण, पुन्हा पुन्हा बघून, दिग्दर्शकाशी भांडून, कधी रात्री झोप येईना म्हणून परत मशीनवर बसून घेतलेले शेकडो बारीक निर्णय. फिल्मच्या काळात ते डोळ्यांना दिसायचे: ग्रीस पेन्सिलने मारलेली खूण, स्प्लायसरने दिलेला छेद, चिकटपट्टीचा जोड. पस्तीस मिलिमीटरच्या एका फुटात १६ फ्रेम. किती कापलं हे बोटांनाच कळायचं. आता ते सगळे निर्णय एका प्रोजेक्ट फाइलमध्ये असतात, आणि ती फाइल उद्या कोण उघडू शकेल यावर त्यांचं आयुष्य ठरतं.

मोफत एडिटिंग सॉफ्टवेअरचा विषय निघाला की बोलणं आधी पैशांवर येतं, आणि ते रास्तच आहे. आपल्याकडे सिनेमाची सुरुवातच साधनांच्या किमतीपासून झाली. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनला गेले आणि पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. त्यासाठी विमा पॉलिसी गहाण पडली होती, पुढे पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे. पण खिशातल्या कॅमेऱ्याने केलेलं चित्रीकरण जोडायला बसलं की अडतं. अडोबीने २०१३ च्या मे महिन्यात जाहीर केलं, की यापुढे प्रीमियर आणि त्यांच्या इतर मुख्य सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या विकत मिळणार नाहीत, भाड्याने घ्याव्या लागतील. लग्नाच्या सीझनवर पोट असलेल्या गडहिंग्लजच्या किंवा मंगळवेढ्याच्या पोराला पावसाळ्यातही ते भाडं चुकत नाही. मग तो चोरीची प्रत टाकतो, तिच्याबरोबर व्हायरस येतो, आणि कुणाच्या तरी मुंजीचं सगळं चित्रीकरण जातं. असं झालेली मुलं माझ्याकडे शिकायला येतात. त्यांना मी पहिल्या दिवशी केडेनलाइव्ह हे मोफत एडिटिंग सॉफ्टवेअर उतरवून देतो.

केडेनलाइव्ह २००२ पासून चालू आहे. जेसन वुड नावाच्या माणसाने ते सुरू केलं, नंतर इतरांनी हाती घेतलं, आणि २०१५ पासून ते केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा अधिकृत भाग झालं. त्याच्या पोटात एमएलटी नावाचं इंजिन आहे, तेच शॉटकट या दुसऱ्या मोफत एडिटरमध्येही आहे. आणि दोघांच्याही तळाशी एफएफएमपेग, फाब्रिस बेलार्ने २००० मध्ये सुरू केलेलं. जगातला जवळपास कुठलाही व्हिडिओ ते वाचू शकतं. महागड्या सॉफ्टवेअरवर काम करणारे माझे मित्रसुद्धा एखादी अडेलतट्टू फाइल आली की गुपचूप एफएफएमपेगकडेच जातात.

तरी माझं म्हणणं पैशांपाशी संपत नाही. एका संस्थेला काही वर्षांपूर्वी केलेल्या फिल्मची छोटी आवृत्ती हवी होती. संकलन मीच केलं होतं, पण ज्या स्टुडिओत बसून केलं, त्यांनी मधल्या काळात ते सॉफ्टवेअर सोडून दिलं होतं. हार्ड डिस्क शाबूत होती, रश शाबूत होते, प्रोजेक्ट फाइलही जागेवर होती. माझेच निर्णय, आणि ते वाचायचे तर मला पुन्हा भाडं भरायला हवं होतं. असं काही माझ्या एकट्याच्याच वाट्याला आलेलं नाही. २०११ मध्ये ॲपलचं फायनल कट प्रो एक्स आलं, तेव्हा त्यात आधीच्या आवृत्तीचे प्रोजेक्ट उघडत नव्हते, आणि जगभरच्या संकलकांची वर्षानुवर्षांची कामं एका फटक्यात जुनी झाली.

याच्या उलट अनुभव मला गुऱ्हाळाच्या फिल्मने दिला, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळावर आम्ही चित्रीकरण केलं. एक बरा कॅमेरा, एक मोबाइल, आणि गुळव्याच्या सदऱ्याला लावलेला छोटा माइक. सगळी फिल्म त्या गुळव्यावर उभी होती. रस काहिलीत उकळतो, मळी वर येते, ती काढून टाकतात, चुलवाणात चिपाडं सारत राहतात. पण काहील कधी उतरवायची हे एकटा तो ठरवतो. बुडबुड्यांकडे बघतो, पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांत वळून पाहतो. दिग्दर्शकाने विचारलं, "तात्या, झालं का?" तो म्हणाला, "न्हाई अजून, थांबा वाईच." आणि गप्प झाला. मग एकदम, "उतरा!"

तो गप्प राहण्याचा काळ किती ठेवायचा, हा त्या फिल्मचा सगळ्यात अवघड कट होता. मूळ चित्रीकरणात तो बराच लांब होता. कमी केला तर तात्याचं कसब नुसती घाई वाटायची, ठेवला तर बघणाऱ्याचं लक्ष भरकटायचं. शेवटी मी त्याच्या चेहऱ्यावर येण्याआधीच काहिलीतला रटरट आवाज आणला, चेहरा सात सेकंद आणि आठ फ्रेम ठेवला, आणि "उतरा" हा शब्द चेहऱ्यावर न ठेवता काहील उचलणाऱ्या हातांवर टाकला. हुकूम ऐकू येतो तेव्हा माणसं आधीच हललेली असतात. तिथे मला फिल्म सापडली.

हे सगळं माझ्या जुन्या लॅपटॉपवर झालं. मूळ फाइली त्याला पेलत नव्हत्या, पण केडेनलाइव्ह त्यांच्या हलक्या प्रती करून देतं, प्रॉक्सी म्हणतात त्यांना. संकलन प्रॉक्सीवर करायचं, शेवटचं रेंडर मात्र मूळ फाइलींवरून होतं. मोबाइलची तऱ्हा वेगळी. बहुतेक मोबाइल सेकंदाला नेमक्या तेवढ्याच फ्रेम धरत नाहीत, संख्या उजेडाप्रमाणे आणि प्रोसेसरवरच्या ताणाप्रमाणे कमीजास्त होते. सुरुवातीला जुळलेला ओठ आणि आवाज लांब शॉटच्या शेवटी सुटलेला दिसतो तो यामुळे. केडेनलाइव्ह अशी क्लिप आत घेतानाच सावध करतं आणि तिची ठरावीक वेगाची प्रत बनवून देण्याची तयारी दाखवतं. नव्या मुलाला हा एक इशारा मिळाला तर कितीतरी रात्री वाचतात.

आणि मराठी. पाटी लिहिताना 'गुऱ्हाळ' हा एक शब्द सॉफ्टवेअरची परीक्षा घेतो. त्यातला तो डोळ्याच्या पापणीसारखा र नीट उमटला पाहिजे, ह च्या डोक्यावर रफार होऊन बसता कामा नये. कितीतरी महागड्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षं मराठी टाइप केलं की जोडाक्षरं पाय मोडून उभी राहायची आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटायची. म्हणून वाहिन्यांचे संकलक जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये मजकूर रूपांतरित करून आणायचे. पडद्यावर बरोबर दिसायचा, पण तोच मजकूर दुसरीकडे चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. केडेनलाइव्हमध्ये मी थेट युनिकोडमध्ये लिहिलं, मुंबईच्या एक टाइपने केलेला आणि सगळ्यांना खुला असलेला 'मुक्ता' फाँट लावला, आणि 'गुऱ्हाळ' जसं शाळेत लिहायला शिकलो तसं उमटलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

पुढे गुऱ्हाळाची फिल्म होती ती हार्ड डिस्क भरली, सगळं दुसऱ्या डिस्कवर हलवलं. प्रोजेक्ट उघडला तर एकही क्लिप सापडेना, कारण पत्ते जुन्या डिस्कचे होते. केडेनलाइव्ह हरवलेल्या क्लिप शोधून देतं, पण मी मुद्दाम दुसरा मार्ग धरला. प्रोजेक्ट फाइल साध्या मजकुराच्या एडिटरमध्ये उघडली. ती एक्सएमएल असते, म्हणजे माणसाला वाचता येईल असा मजकूर. प्रत्येक क्लिपचा पत्ता, आणि त्याखाली एकेका कटाची ओळ. जुन्या डिस्कचं नाव शोधून त्याजागी नवीचं घातलं, फाइल जतन केली, आणि फिल्म होती तशी उभी राहिली. खाली सरकत गेलो तेव्हा तात्याचं मौनही सापडलं: इन ००:१४:२२.०८०, आउट ००:१४:२९.३६०. माझा निर्णय, उघड्या अक्षरांत. कुठल्याही कंपनीची परवानगी न घेता वाचता येणारा.

संकलनाच्या जगात ही कल्पना नवी नाही. सीएमएक्स कंपनीने १९७१ मध्ये संगणकावर चालणारी पहिली संकलन यंत्रणा आणली, आणि त्याच परंपरेतून ईडीएल आली, एडिट डिसिजन लिस्ट: कुठली टेप, कुठून कुठपर्यंत, एवढाच साधा मजकूर. ती यंत्रं केव्हाच मोडीत गेली, यादी मात्र आजही उघडते. पिक्सारमध्ये जन्मलेलं आणि नंतर सगळ्यांना खुलं झालेलं ओपनटाइमलाइनआयओ हेच काम आजच्या टाइमलाइनसाठी करतं.

म्हणूनच मोफत मिळणाऱ्या प्रत्येक गोष्टीला मी एका पंक्तीत बसवत नाही. डाविंची रिझॉल्व्ह एकेकाळी लाखो डॉलरांची यंत्रणा होती. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिकने ती २००९ मध्ये विकत घेतली आणि २०११ मध्ये तिची मोफत आवृत्ती काढली. रंगसंस्काराच्या कामात तिला तोड नाही. गुऱ्हाळातला धुराचा निळसरपणा आणि आगीचा तांबूसपणा मी तिथेच जुळवला. पण ती बंदिस्त आहे. आज फुकट आहे ती कंपनीच्या मर्जीने, कारण कंपनी कॅमेरे आणि कन्सोल विकते. लिनक्सवर तर तिच्या मोफत आवृत्तीत मोबाइलचं साधं एच २६४ चित्रीकरणही उघडत नाही. लाइटवर्क्स या एडिटरच्या कंपनीने २०१० मध्ये त्याचा कोड सर्वांना खुला करू असं जाहीर केलं होतं, ते पाळलं गेलं नाही. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या प्रोग्रॅमचं उदाहरण मला जास्त जवळचं. त्याची कंपनी बुडाल्यावर २००२ मध्ये लोकांनी एक लाख युरो जमवून तो प्रोग्रॅम सोडवून घेतला, आणि त्यात केलेल्या 'फ्लो' या लाटवियन दिग्दर्शकाच्या चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं.

केडेनलाइव्हही कधी मध्येच बंद पडतं. आपोआप जतन झालेली प्रत मात्र बहुतेक वेळा परत मिळते. रंगाचं काम त्यात मर्यादित आहे. आणि वाहिनीवर नोकरी हवी असेल तर प्रीमियर किंवा ॲव्हिड शिकावंच लागतं, हे मी प्रत्येक मुलाला स्पष्ट सांगतो. माझा आग्रह एवढाच, की पहिली फिल्म आणि स्वतःच्या गावाची, घरातल्या माणसांची फिल्म उघड्या फाइलीत ठेवा. आजीची मुलाखत वीस वर्षांनी कुणाला तरी पुन्हा जोडायची असेल. भाड्याचे जे पैसे वाचतील त्यांचा आधी बरा माइक घ्या, मग दुसरी हार्ड डिस्क, कारण एका डिस्कवर ठेवलेला रश हा ठेवलेला नसतोच. आणि वर्षाकाठी थोडे केडेनलाइव्हला पाठवा. २०२२ मध्ये त्यांनी उघडपणे निधी मागितला तेव्हा जगभरच्या लोकांनी दिला. मराठी भाषांतराचंही काम तिथे कायम पडलेलं असतं, त्याला पैसे लागत नाहीत. गेल्या तुकडीतल्या दोन मुलींनी ते अंगावर घेतलं आहे, आणि 'रिपल' या संकलनातल्या शब्दाला मराठीत काय म्हणायचं यावरून त्यांचा वाद अजून मिटलेला नाही.