बोर्दोहून साखळीला

कलोन, रविवार

ती. बाबांस सा. न. वि. वि.

बोर्दोला जाताना वाट वाकडी करून इथल्या विमानतळावर उतरले, ते केवळ एक निवृत्त विमान पाहायला. एअरबस ए-३००, त्या जातीतलं बांधलेलं तिसरं. १९९७ ते २०१४ या काळात त्यानं १३,००० हून अधिक वेळा माणसांना वजनरहित केलं. बराच वेळ पाहत उभी राहिले.

तुम्ही विचारलं होतं, विमान उडतं तेवढ्या उंचीवर गुरुत्वाकर्षण संपतं का? मुळीच नाही. वाळवंटी नदीच्या काठावरून भिरकावलेला दगड हातातून सुटला की वजनरहितच असतो, वर चढतानासुद्धा. वैमानिक विमानाला त्याच दगडाच्या वाटेनं नेतात.

बोर्दो, बुधवार

ती. बाबांस सा. न.

काल उडाले! आमचं ए-३१० विमान पूर्वी जर्मन चॅन्सेलरांच्या दिमतीला होतं. आता आत खुर्च्या थोड्याच, बाकी गादी लावलेल्या भिंती आणि प्रयोगांची कपाटं. ओकारी होऊ नये म्हणून आधीच सुई टोचून घेतली.

सगळी करामत वैमानिकांची. एक जण फक्त नाक वरखाली करतो, दुसरा पंख समतोल ठेवतो, तिसरा इंजिनांचा जोर सांभाळतो. विमान उभं चढू लागलं तसे माझे साठ किलो एकशे आठ झाले, हात उचलवेना. ध्वनिक्षेपकावर कोन ऐकू येत होता: तीस... चाळीस... आणि मग ‘इंजेक्शन’, म्हणजे वजनरहिततेत शिरल्याची हाक! पाठ जमिनीवरून आपसूक सुटली. बावीस सेकंद. मग पुन्हा तोच भार. असं एकतीस वेळा.

आमच्या प्रयोगाच्या काचेच्या डबीत द्रव उकळत होता. एरवी बुडबुडे तळ सोडून वर धावतात. इथे वर-खालीच उरलं नाही, त्यामुळे ते तापलेल्या पट्टीलाच चिकटून फुगत राहिले, एकमेकांत मिसळून मोठे झाले. बुडबुड्यांनी पट्टी झाकली की द्रव तिथे पोचत नाही आणि पट्टी झपाट्यानं तापते. अंतराळयानात यंत्रं थंड ठेवायची तर हे आधी कळायलाच हवं.

अंतराळवीरांचा सरावही असाच होतो. शाळेतल्या मुलांना राकेश शर्मांचं नाव ठाऊक आहे. त्यांना शर्मांचे सहप्रशिक्षणार्थी रवीश मल्होत्रांचंही सांगा. दोघं १९८२ पासून मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत अंतराळवीराचं प्रशिक्षण घेत होते. गगनयानाचे चौघे अंतराळवीरही २०२०-२१ मध्ये तिथेच होते आणि इल्युशिन-७६ विमानात त्यांनी हीच वजनरहितता अनुभवली.

उद्या पुन्हा उड्डाण आहे. पट्टीचं तापमान कमी ठेवून पाहणार आहोत. आईस नमस्कार.

आपली,
धाकटी